शेड्यूलर बसला, जॉब चालू झाले. आता कुलपं कुठं लावायची?

प्रश्न थोडक्यात असा. वाळूज एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग करणारी एक कंपनी आहे. आजवर प्रत्येक सर्व्हरवर वेगळं क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) होतं, आता ऑटोसिस घेतलं, म्हणजे सगळ्या मशीनवरची अशी कामं, जॉब, एका जागेवरून चालवणारा शेड्यूलर. विक्रेत्याची दोन माणसं आली आणि तीन दिवसांत मॅनेजर (हुकूम देणारा मुख्य सर्व्हर) बसवून सात मशीनवर एजंट (हुकूम पाळणारा प्रोग्रॅम) टाकून गेली. सहा मशीन लिनक्सची, एक विंडोजचं. पगार, ग्राहकाकडं जाणाऱ्या डिस्पॅचच्या फाईली, बँकेची पेमेंट फाईल, रात्रीचं बॅकअप, सगळं त्यावर चालू झालंय. पुढच्या महिन्यात ऑडिट आहे. आयटीत तीन माणसं, शिवाय शिफ्टचे ऑपरेटर. विचारणाऱ्याचं म्हणणं, 'सिक्युरिटीचा धडा उघडला की डोकं गरगरतं. सुरुवात कुठून करू आणि काय सोडलं तरी चालेल?'

'काय सोडलं तरी चालेल' हे विचारलंत ते बरं केलंत, कारण तीन माणसांत सगळं होणार नाही. मी चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा आणि जालन्याच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं हेच काम करतोय. इन्स्टॉलनंतर लोक काय करतात ते ठरलेलं आहे. वेब स्क्रीनला एचटीटीपीएस लावतात, पासवर्ड लांबलचक करतात, फोटो काढून ऑडिटरला दाखवतात. हे वाईट नाही, पण हे दुय्यम आहे. शेड्यूलरमध्ये खरा प्रश्न एकच असतो: कुणाला कुणाच्या नावानं काय चालवता येतं? याचं उत्तर तुमच्याकडं कागदावर तयार असेल तर बाकीची सेटिंगं आपोआप रांगेला लागतात.

कामून म्हणतो ते सांगतो. तुमच्या सहाही लिनक्स मशीनवर एजंट रूट (सगळे हक्क असलेलं खातं) म्हणून चालतोय. तो विक्रेत्याचा आळस नाही. जॉबचा जो ओनर असेल त्या युजरचं सोंग एजंटला घ्यावं लागतं आणि रूटशिवाय ते घेता येत नाही. आता हेच उलट्या बाजूनं वाचा. एखाद्या जॉबचा ओनर रूट असेल, तर तो जॉब ज्याला बदलता येतो तो माणूस त्या मशीनवर रूट झाला. त्याला रूटचा पासवर्ड माहीत असायची गरजच नाही. तुम्ही एसएसएच (दुरून लॉगिन) बंद करा, सुडो (रूटच्या हक्कानं कमांड चालवायची परवानगी) आवळा, काही करा. तो कमांडची एक ओळ बदलून घरी जाणार, रात्री दोनला एजंट त्याचं काम करून देणार आणि वर लॉगमध्ये 'सक्सेस' लिहिणार. सालगड्याच्या कमरेला अख्ख्या वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगा बांधावा आणि मालकानं तिजोरीला नवं कुलूप आणत बसावं, तशातली गत.

म्हणून पहिल्या दिवशी एकही सेटिंग बदलू नका. ऑटोरेप कमांडला सगळे जॉब आणि क्यू पर्याय देऊन सगळ्या जॉबांच्या व्याख्या एका फाईलमध्ये उतरवून घ्या. (कमांडची नावं इथं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर नेहमीच्या स्पेलिंगनं टाका.) ती फाईल एक्सेलमध्ये घेऊन पाचच रकाने ठेवा: जॉब, मशीन, कमांड, ओनर, परमिशन. मग ओनरच्या रकान्यावर फिल्टर लावा. क्रॉनमधून उचलून आणलेल्या जॉबांत बहुतेकदा असं काहीतरी दिसतं:

जॉब: पगार_बँक_फाईल
मशीन: वाळूज_ॲप_२
कमांड: /ऑप्ट/स्क्रिप्ट/पगार_पाठव.एसएच
ओनर: रूट
परमिशन: जीएक्स, डब्ल्यूएक्स, डब्ल्यूई

शेवटची ओळ नीट वाचा. पहिलं अक्षर कोण ते सांगतं, दुसरं काय ते. जी म्हणजे ओनरच्या ग्रुपमधले, डब्ल्यू म्हणजे कुणीही. एक्स म्हणजे चालवणं. त्यात सुरू करणं, मारणं, होल्डवर टाकणं सगळं आलं. ई म्हणजे व्याख्या बदलणं. म्हणजे या जॉबची कमांड कुणीही बदलू शकतो आणि बदलल्यावरही जॉब रूटच्याच नावानं चालतो, कारण बदलणारा वेगळा असला तरी ओनर तोच राहतो. डब्ल्यूई हे एक अक्षरयुग्म काढलंत तर अर्धं ऑडिट तिथंच झालं समजा. एमएक्स आणि एमई दिसले तर त्यांचा अर्थ 'कुठल्याही मशीनवरून'. एरवी परवानगी ज्या मशीनची आहे तिथूनच चालते, एम लावलं की ते बंधनही गेलं. विक्रेत्याची माणसं चाचणी अडू नये म्हणून हे लावतात आणि काढायचं विसरतात.

हे अधिकार मुळीच लिहिले नसतील तर बदलण्या-चालवण्याचा हक्क फक्त ओनरला राहतो. म्हणजे उत्पादनाची मूळ वृत्ती बंद दाराचीच आहे. उघडं टाकतो ते आपण.

आता ओनर कुणाला करायचं? रूट नको हे कळलं, मग लोक स्वतःचं नाव टाकतात. याचा मला बसलेला चटका सांगतो, कारण त्यात चूक माझीच होती. एका कारखान्यात दिवाळीआधीच्या आठवड्यात बोनसची फाईल दुपारी चारच्या आत बँकेला जायला हवी होती. सव्वातीनला ऑपरेटरचा फोन आला, 'साहेब, जॉब सुरू व्हायच्या आधीच पडतोय.' मी फाईल बघितली, स्क्रिप्ट बघितली, डिस्कवर जागा बघितली, सगळं जागेवर. वीस मिनिटं गेल्यावर उजेड पडला. आमच्यातला एक इंजिनियर मागच्याच आठवड्यात पुण्याला नोकरी मिळाली म्हणून सोडून गेला होता. एचआरनं त्याचं खातं नियमाप्रमाणं बंद केलं आणि ते बरोबरच केलं. पण दीडशेच्या आसपास जॉब त्याच्या नावावर होते, आणि ते तसे व्हायला मीच होकार दिला होता. गेटवर कामगार थांबलेले. त्या घाईत मी त्याचं खातं पुन्हा चालू केलं आणि फाईल चारला दहा कमी असताना गेली. बोनस झाला, पेढे वाटले. ते खातं मात्र त्यानंतर वर्षभर तसंच चालू राहिलं. गेलेल्या माणसाच्या नावानं, जुन्याच पासवर्डनं. त्यानं काही केलं नाही हा त्याचा चांगुलपणा. माझ्या व्यवस्थेत त्याला अडवणारं काहीच नव्हतं.

तेव्हा प्रत्येक कामाला एक सेवा-खातं करा, म्हणजे कुणा माणसाचं नसलेलं, फक्त जॉब चालवायचं खातं. पगाराचं वेगळं, डिस्पॅचचं वेगळं, बॅकअपचं वेगळं. डिस्पॅचच्या खात्याला पगाराच्या फोल्डरमध्ये डोकावताही येऊ नये. बॅकअपला रूट लागतो असं तुम्ही म्हणाल, तर त्या एका जॉबलाही रूट ओनर करू नका. सेवा-खात्याला सुडोमध्ये तेवढीच एक कमांड, पूर्ण पाथसकट, पर्यायांसकट लिहून द्या. सुडोच्या ओळीत तारा (*, म्हणजे 'काहीही चालेल') टाकण्याचा मोह आवरा.

इथं एक सावधगिरी. सेवा-खात्यावर माणसानं लॉगिन करू नये म्हणून लोक त्याचा शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) 'नोलॉगिन' करून टाकतात. एजंट जॉब चालवताना शेल वापरतो, त्यामुळं हे केल्यावर रात्री जॉब पडलेले मी बघितलेत. शेल राहू द्या. पासवर्ड लॉक करा आणि एसएसएचच्या कॉन्फिगरेशनमध्येच त्या ग्रुपला लॉगिन नाकारा. बदल आधी एका खात्यावर, एका दिवसाच्या जॉबावर करून बघा.

विंडोजच्या मशीनचं दुखणं निराळं. तिथं ओनरचा पासवर्ड ऑटोसिसला द्यावा लागतो आणि तो डेटाबेसमध्ये राहतो. ऑटोसिस-सिक्युअर नावाच्या कमांडनं तो भरतात. डोमेनमध्ये नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायची पॉलिसी असेल तर एक्क्याण्णवाव्या दिवशी काय होईल ते ओळखा. सेवा-खात्यांसाठी लांब पासवर्ड, वेगळी पॉलिसी आणि बदलाची तारीख दोघांच्या कॅलेंडरात, एवढं पुरतं.

ओनर आणि परमिशन मार्गी लागले की सुपरयुजर. ऑटोसिसमध्ये ते दोन आहेत आणि ही विभागणी फार शहाणपणाची आहे. एडिट सुपरयुजर कुठलाही जॉब बदलू शकतो आणि ओनरही बदलू शकतो. एक्झेक सुपरयुजर कुठलाही जॉब चालवू-थांबवू शकतो, खुद्द शेड्यूलरही बंद करू शकतो, पण व्याख्येला हात लावू शकत नाही. छोट्या टीममध्ये दोन्ही बिल्ले एकाच खात्याला देऊन टाकतात, बहुतेकदा इन्स्टॉल ज्या खात्यानं केलं त्यालाच. ते वेगळे करा. रात्रपाळीच्या जबाबदार माणसाला एक्झेक देता येतो, एडिट नाही. एडिटचा पासवर्ड पाकिटात घालून, सही करून प्लांट हेडच्या कपाटात ठेवा. उघडलं की नोंद करायची आणि दुसऱ्या दिवशी नवा पासवर्ड, नवं पाकीट. जुनाट वाटेल, पण पाकीट फाटलेलं दिसतं. शेअर केलेल्या एक्सेलमधला पासवर्ड कुणी वाचला ते कधीच दिसत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, आमचे ऑपरेटर तीन शिफ्टला मिळून 'ऑपर' या एकाच लॉगिननं बसतात. सगळीकडं तेच असतं. पण मग वरची सगळी मेहनत वाया. ऑटोसिसची स्वतःची नेटिव्ह सिक्युरिटी माणूस ओळखते ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॉगिनवरून. लॉगिन सामायिक, तर नोंदही सामायिक. पहाटे चारला डिस्पॅचचा जॉब कुणी मारला, असं विचारलं की तिघंही एकमेकांकडं बघणार. नऊ ऑपरेटर असले तर नऊ लॉगिनं करा. कुरकूर होईल, दोन आठवड्यांत थांबेल. मोठ्या स्क्रीनवर स्थिती दिसत राहावी म्हणून सामायिक लॉगिन हवंच असेल तर ते फक्त बघण्यापुरतं ठेवा.

सिक्युरिटी नेटिव्ह ठेवायची की बाहेरची, म्हणजे ईईएम (युजर आणि त्यांचे हक्क सांभाळणारा वेगळा सर्व्हर)? विक्रेता ईईएमच सांगेल. ईईएममध्ये खरंच बारकाईनं लिहिता येतं: जॉब, मशीन, कॅलेंडर, ग्लोबल व्हेरिएबल, प्रत्येकाला वेगळी पॉलिसी, आणि युजर थेट ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (कंपनीच्या विंडोज खात्यांच्या यादीतून) येतात. माझ्या लेखी त्यातला सगळ्यात मोलाचा वर्ग 'एएस-ओनर'. कोणत्या माणसाला कोणत्या ओनरच्या नावानं जॉब लिहिता येईल, हे तो ठरवतो. म्हणजे सुरुवातीला म्हटलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथं सरळ नियम म्हणून लिहिता येतं. डिस्पॅचचा डेव्हलपर डिस्पॅचचंच खातं वापरेल, रूट टाकला तर जॉब घेतलाच जाणार नाही. पण ईईएम स्वतः एक सर्व्हर आहे. तो पडला तर काय, त्याचा बॅकअप कोण घेणार, त्याच्या ईआयएएम-ॲडमिन या मुख्य खात्याचा पासवर्ड कुणाकडं, याची उत्तरं नसतील तर तो सध्या नको. ॲक्टिव्ह डिरेक्टरी आहे, माणसं दहाच्या वर आहेत, तर ईईएम घ्या आणि सुरुवातीला बनलेल्या पॉलिसी एकेक उघडून वाचा. 'सर्वांना सर्व' असं कुठं निघालं तर पहिल्यांदा ते काढा. नाहीतर नेटिव्ह नीट लावलेली बरी. अर्धवट ईईएमपेक्षा हजारपट बरी.

आता ज्याकडं जवळजवळ कुणी बघत नाही ते. जॉबची व्याख्या कुलूपबंद केली, ओनर नीट केला, पण जॉब जी स्क्रिप्ट चालवतो ती? वरच्या उदाहरणातली पगार_पाठव.एसएच ७७७ (कुणालाही वाचता, लिहिता, चालवता येईल अशा) परवानगीनं पडलेली असेल तर व्याख्या बदलायची गरजच काय? स्क्रिप्ट बदला, काम झालं. स्क्रिप्टवर ७५० (बाहेरच्यांना काहीच हक्क नाही) केलं तरी पुरत नाही. ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर लिहायचा हक्क असेल तर जुनी फाईल बाजूला सारून त्याच नावाची नवी ठेवता येते. फोल्डर, त्याच्या वरचं फोल्डर, पार मुळापर्यंत तपासा. आणि जॉबला प्रोफाईल दिलेलं असेल तर तेही, कारण एजंट कमांडच्या आधी प्रोफाईल वाचतो. त्यातली ओळ म्हणजे जॉबचीच ओळ. स्क्रिप्टची मालकी सेवा-खात्याला सुद्धा देऊ नका असं मी म्हणेन. खात्याला वाचायचा आणि चालवायचा हक्क पुरे. लिहिणारा वेगळा हवा. नाहीतर बिघडलेला जॉब स्वतःचीच स्क्रिप्ट बदलून बसू शकतो.

हे तपासायला अर्धा दिवस लागतो. सहा मशीनवर फाईंड कमांडनं 'इतरांना लिहिता येणाऱ्या' फाईली शोधा, ती यादी जॉबांच्या कमांडच्या रकान्याशी जुळवा. जिथं जुळेल तिथं लाल रंग. माझा अनुभव असा की पहिल्या यादीतला लाल रंग बघून साहेब लोक सिक्युरिटीला वेळ द्यायला तयार होतात, भाषणानं होत नाहीत.

पासवर्डांचं थोडक्यात. जॉबच्या कमांडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड लिहिला असेल तर तो जॉब चालताना पीएस (काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या) कमांडनं मशीनवरच्या कुणालाही दिसतो, आणि ऑटोरेपमध्ये तर कायमचाच. ग्लोबल व्हेरिएबलमध्ये टाकला तरी तेच. ती जागा तारखा आणि फ्लॅगसाठी आहे. पासवर्ड सेवा-खात्याच्या होममध्ये ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशा) परवानगीच्या फाईलमध्ये किंवा ओरॅकल असेल तर त्याच्या वॉलेटमध्ये ठेवा. तसंच आउटपुट फाईलींचं. एका ठिकाणी पगाराच्या जॉबचा आउटपुट टीएमपी फोल्डरमध्ये जायचा, सगळ्यांना वाचता येईल असा. कोणत्या मॅनेजरला किती पगार हे आमच्या कँटीनला आमच्याआधी माहीत असायचं. कुठून फुटतंय ते आम्ही तीन महिने माणसांत शोधत होतो.

एन्क्रिप्शनकडं येतो. मॅनेजर आणि एजंट यांच्यातलं बोलणं एन्क्रिप्ट होऊनच जातं, विक्रेत्यानं तुम्हाला तसं सांगितलंही असेल. पण इन्स्टॉलर त्यासाठी एक तयार, ठरलेली एन्क्रिप्शन की (गुप्त किल्ली) देऊ करतो, आणि घाईत तीच ठेवली जाते. तीच की जगातल्या तशाच घाईच्या दुसऱ्या इन्स्टॉलमध्येही आहे. आपल्या देवगिरीची गोष्ट माहीत आहे ना? १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीनं वेढा घातला, तेव्हा धान्याची म्हणून गडावर नेलेली पोती मिठाची निघाली असं सांगतात. पोती मोजली होती, तोंड सोडून कुणी बघितलं नव्हतं. 'एन्क्रिप्शन चालू' हा शेराही तसाच, पोतं उघडून बघा.

की बदलताना क्रम महत्त्वाचा. मॅनेजरकडं आणि एजंटकडं एकच की हवी. एका बाजूला बदलली की दुसरी बाजू त्याला ओळखत नाही आणि मशीन संपर्काबाहेर जातं. साप्ताहिक सुट्टीचा दिवस घ्या. आधी सर्वांत कमी महत्त्वाच्या मशीनवर बदला, एजंट पुन्हा सुरू करा, ऑटोपिंग कमांडनं संपर्क तपासा, मगच पुढचं मशीन. की ई-मेलनं पाठवू नका, व्हॉट्सॲपवर तर नकोच. हसू नका, 'सर, की पाठवली आहे' असा मेसेज सातजणांच्या ग्रुपवर आलेला मी वाचलाय.

पोर्टांचं फार लांबवत नाही. एजंटचा नेहमीचा पोर्ट (नेटवर्कवरचं दार) ७५२०. तो फक्त शेड्यूलरच्या मशीनसाठी उघडा, कारखान्याच्या अख्ख्या नेटवर्कसाठी नाही. शॉप फ्लोअरवरचे जुने पीसी त्याच नेटवर्कात असतात हे विसरू नका. मात्र वाहतूक दोन्ही दिशांनी असते. एजंटला निकाल परत कळवावा लागतो. फायरवॉलवाल्यानं एकच दिशा उघडली की जॉब सुरू होतो, कामही करतो, पण स्क्रीनवर स्थिती पुढं सरकत नाही, आणि ऑपरेटर तो पुन्हा चालवतो. पेमेंटची फाईल दोनदा गेल्याचं निस्तरणं फार जड जातं. डेटाबेसचा पोर्टही तसाच बंदिस्त ठेवा, कारण ऑटोसिसच्या टेबलांत थेट लिहिता आलं तर परमिशन, सुपरयुजर, ईईएम, सगळं वळसा घालून जाता येतं. विक्रेत्यानं डेटाबेस युजरला युजरच्याच नावाचा पासवर्ड दिलाय का, तेही आजच बघा.

शक्य असेल तिथं एजंटच्या स्वतःच्या सिक्युरिटी फाईलचाही वापर करा. मॅनेजरनं काहीही सांगितलं तरी या मशीनवर अमुक युजरच्या नावानं काही चालणार नाही, असं एजंटलाच शिकवता येतं. रूट तिथं नाकारा. ही फाईल त्या मशीनच्या ॲडमिनच्या ताब्यात असते, शेड्यूलरवाल्याच्या नाही. वरून किल्ल्यांचा जुडगा गेला तरी तिजोरीची कडी आतून लावलेली राहते.

आता लॉग. कोणी कोणता जॉब बदलला हे ऑटोट्रॅक नोंदतं, पण त्याची पातळी शून्यावर असेल तर काहीच नोंदत नाही. ती दोनवर न्या म्हणजे तपशील मिळतो. आणि जुनी नोंद पुसणारी डीबी-मेंट स्क्रिप्ट रोज चालते. ती किती दिवस मागचं ठेवते ते उघडून बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणं आयसीटी (संगणक आणि नेटवर्क) प्रणालींचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी मिळवावी लागतात. तेव्हा पुसायच्या आधी लॉग वेगळ्या मशीनवर उचला, असं मशीन जिथं शेड्यूलरच्या ॲडमिनला लिहिता येतं पण पुसता येत नाही. घड्याळाचं कलम किरकोळ वाटतं, पण तुमचा पूर्ण व्यवहार वेळेवर चालतो. वीज जाऊन आल्यावर एखादं जुनं मशीन अकरा मिनिटं मागं राहिलं तर दोन लॉग एकमेकांशेजारी ठेवून घटनाक्रम लावणं अशक्य होतं.

तीन माणसांत 'करणारा वेगळा, तपासणारा वेगळा' हे पुरतं जमत नाही, ऑडिटरलाही ते कळतं. त्याच्या बदल्यात मी एक साधा उपाय सगळीकडं लावतो. रोज रात्री दीडला सगळ्या जॉबांच्या व्याख्या फाईलमध्ये उतरतात, कालच्या फाईलशी तुलना होते आणि फरक तेवढा दोघांना मेलनं जातो. एक आयटीतला, एक आयटीबाहेरचा, शक्यतो अकाउंट्सचा. अकाउंट्सच्या माणसाला कमांड कळत नाही, पण काल कुणी सांगितलं नव्हतं आणि आज चार ओळींचा मेल आला, एवढं कळतं. तो विचारतो, 'हे काय बदललं?' तेवढा धाक पुरतो. दोन बारकावे: ही तुलना ऑटोसिसच्याच जॉबनं करू नका, चोरालाच राखण दिल्यासारखं होईल, दुसऱ्या मशीनच्या क्रॉनमधून करा. आणि ती उतरवलेली फाईल जपून ठेवा, कारण तुमच्या कारखान्यात रात्री काय काय चालतं याचा तो पूर्ण नकाशा आहे.

क्रॉनचा विषय निघालाच आहे तर, जुन्या क्रॉनचं काय केलंत? जॉब ऑटोसिसवर आणले पण क्रॉनमधल्या ओळी पुढं नुसता हॅश (#) लावून बंद ठेवल्या असतील तर त्या आता काढून टाका, आणि क्रॉन-अलाऊ फाईलमध्ये (क्रॉन वापरायची परवानगी असलेल्यांची यादी) फक्त गरजेची नावं ठेवा. नाहीतर पुढचं दार लावून मागचं उघडं.

तुमच्या भगिनी कंपनीत ऑटोसिसऐवजी एअरफ्लो हा दुसरा शेड्यूलर आहे असंही तुम्ही लिहिलंय. तिथंही हाच प्रश्न, निराळ्या कपड्यांत. जुन्या एअरफ्लोची एक्सपेरिमेंटल एपीआय (बाहेरच्या प्रोग्रॅमनं हुकूम द्यायची वाट) मुळातच बिनपासवर्डाची यायची. २०२० मध्ये १.१०.११ आवृत्तीपासून ती मुळातच सगळ्यांना नाकारणारी झाली. पण जुन्या कॉन्फिगरेशनवर नवी आवृत्ती चढवली असेल तर सेटिंग जुनंच राहिलं का, ते बघावं लागतं. उदाहरणादाखल येणारे डॅगही (एअरफ्लोतल्या जॉबांच्या साखळ्या) बंद करा. त्यांच्यापैकी एकातूनच बाहेरून कमांड चालवता येण्याची खोट त्याच वर्षी उघड झाली होती. डॉकरवरून उभा केला असेल तर युजरही एअरफ्लो आणि पासवर्डही एअरफ्लो, हे नाव-आडनाव तसंच राहिलेलं असतं.

क्रम विचारलात तर असा धरा. पहिला आठवडा नुसत्या याद्या: ओनर, परमिशन, लिहिता येणाऱ्या स्क्रिप्ट. दुसऱ्यात डब्ल्यूई काढा आणि ऑपरेटरांची लॉगिनं वेगळी करा. याला पैसे लागत नाहीत. तिसऱ्यात सेवा-खाती, पण एकावेळी एकच काम; पगार सर्वांत शेवटी आणि पगाराच्या तारखेच्या आसपास अजिबात नाही. चौथ्यात की, पोर्ट, लॉग. ईईएम आणि वेब स्क्रीनचं खरं सर्टिफिकेट ऑडिटनंतर केलं तरी चालेल. ऑडिटरला तारखेसह आराखडा दाखवा, तो समजून घेतो. त्याला खपत नाही ते 'सगळं झालंय' असं सांगून मागं काहीच नसणं.

ऑडिटच्या दोन दिवस आधी रात्रपाळीच्या एका ऑपरेटरला शेजारी बसवा आणि त्याच्याच लॉगिननं पाच गोष्टी करून बघायला सांगा: पगाराच्या जॉबची कमांड बदलणं, रूट ओनर टाकून नवा जॉब लिहिणं, दुसऱ्या खात्याची स्क्रिप्ट उघडून सेव्ह करणं, शेड्यूलर थांबवणं, पगाराचा आउटपुट वाचणं. प्रत्येक नकाराचा स्क्रीनशॉट घ्या. एका ठिकाणी आमच्या ऑपरेटरनं चौथी गोष्ट खरंच करून दाखवली, शेड्यूलर खाली आला आणि तो घाबरून खुर्चीवरून उठला. त्याला चहा पाजला आणि एक्झेक सुपरयुजरच्या यादीतून 'ऑपर' हे जुनं खातं त्याच्यासमोरच काढलं. ते तिथं आहे हे आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.